चकलीची चार पाकिटं आणि कोण कोणापेक्षा वेगळं: इंदूरच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

२९ जून २०२५, रविवार

गेल्या गणपतीत मामीच्या तीन गिऱ्हाइकांनी एकच तक्रार केली: चकली मऊ पडली. मामी रामबागेतल्या घरूनच चकली, कडबोळी, चिवडा विकते. तिचं म्हणणं, भाजणी तीच, तेल तेच, हात तोच, म्हणजे पाकीटच नाठाळ आहे. मी ऑफिसात दिवसभर एक्सेलमध्ये असते, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. या नोंदी ठेवतेय, कारण घरगुती माल विकणाऱ्या आणखी दोघीतिघींना हेच करून पाहायचं आहे.

सियागंजातून चार प्रकार आणले: नेहमीची साधी पिशवी (सव्वा रुपया), झिपवाली उभी पिशवी (चार रुपये), चंदेरी पाकीट (साडेसहा), आणि फिरकीच्या झाकणाचा प्लॅस्टिक डबा (चौदा). वजनकाटा साडेसहाशेचा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. चकली ओल धरते तसं वजन वाढतं, तेच मोजायचं.

वहीत प्रश्न लिहिला: "कोणतं पाकीट चांगलं?" हा प्रश्न किती ढिला आहे ते मला सप्टेंबरात कळलं.

१ जुलै

प्रत्येक पाकिटात २०० ग्रॅम चकली, प्रत्येक प्रकाराची पाच पाकिटं, एकूण वीस. पाकिटासकट वजन करून कागद चिकटवला. २१ दिवसांनी पुन्हा वजन.

२२ जुलै

सगळं वाया. वजन करायला पाकिटं काढताना लक्षात आलं की मामीने ती "नीट" लावून ठेवली होती: साध्या पिशव्या खिडकीजवळच्या फळीवर, चंदेरी बंद कपाटात, डबे फ्रिजवर. साध्या पिशवीचं वजन जास्त वाढलंय, पण ते पिशवीमुळे की खिडकीतून येणाऱ्या पावसाळी हवेमुळे, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरला तर नाहीच.

चूक माझी. कुठे ठेवायचं ते मी सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे गेले, शिवाय साहित्याचे बाराशे रुपये. चार किलो चकली शेजारपाजारी वाटली. ती मऊ आहे असं कोणी म्हणालं नाही. फुकटच्या चकलीला कोण नावं ठेवतो.

२६ जुलै

पुन्हा सुरुवात. या वेळी एकाच फळीवर वीस जागा आखल्या, वीस चिठ्ठ्या केल्या आणि मामीच्या नातवाकडून उचलून घेतल्या. ज्या पाकिटाला जो आकडा निघेल ती त्याची जागा.

आणखी एक सुधारणा: स्टीलची एक वाटी ‘साक्षीदार’ ठरवली. दर वेळी आधी तिचं वजन करायचं. आज १४३.६ ग्रॅम.

१६ ऑगस्ट

वाटी १४४.० दाखवतेय! वाटी काही ओल धरत नाही, म्हणजे काटा बिघडला. सेल बदलल्यावर पुन्हा १४३.६. वाटी नसती तर वीसही पाकिटांवर ०.४ ग्रॅम फुकटचे चढले असते.

वजनात झालेली वाढ, ग्रॅममध्ये:
साधी पिशवी: २.६, ३.१, २.२, २.९, २.७. सरासरी २.७०.
झिप: २.३, २.८, १.९, २.४, २.१. सरासरी २.३०.
डबा: १.६, २.४, २.०, १.५, २.०. सरासरी १.९०.
चंदेरी: १.२, १.७, १.४, १.०, १.७. सरासरी १.४०.

प्रत्येक पाकीट तीनतीनदा तोललं, खात्री म्हणून. यातूनच उद्याचा गोंधळ झाला.

१७ ऑगस्ट, रविवार

‘आर’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, कारण एक्सेलमध्ये एकपदरी अनोव्हा (अनेक गटांच्या सरासऱ्या एकदम तपासणारी चाचणी) होतो, पण त्यापुढची जोडीजोडीची तुलना करायची सोय तिथे नाही.

पहिला फटका: पाकिटांना मी १, २, ३, ४ असे आकडे दिले होते. सॉफ्टवेअरला वाटलं, हे मोजमाप आहे. त्याने सरळ रेषा बसवली आणि पाकिटाच्या ओळीत स्वातंत्र्याचा अंश (किती आकडे मोकळेपणी बदलू शकतात ती संख्या) १ दाखवला. चार गट असतील तर तिथे ३ हवेत. तरी मी तशीच पुढे गेले, आणि टुकीची, म्हणजे जोडीजोडीच्या तुलनेची, आज्ञा दिल्यावर उत्तर आलं की यात गटवाचक घटकच नाही. तास गेला. आकड्यांऐवजी ‘साधी’, ‘झिप’ अशी नावं दिली आणि सुटलं. तुम्हीही हे करत असाल तर त्या ओळीतला अंश आधी बघा: गटांची संख्या वजा एक. तो नसेल तर पुढचं वाचूच नका.

दुसरा फटका जास्त वाईट होता, कारण त्याने चूक दाखवली नाही, उलट खूश केलं. तीनदा तोललेले सगळे, म्हणजे साठ आकडे घातले. एफ, म्हणजे गटागटांतला फरक गटाच्या आतल्या फरकाच्या किती पट तो अनोव्हाचा आकडा, आला ४७ च्या आसपास! टुकीनेही सहाच्या सहा जोड्या वेगळ्या ठरवल्या. मामीला फोनवर सांगूनही टाकलं की चारही पाकिटांचा क्रम पक्का लागला.

रात्री झोप येईना. तेच पाकीट तीनदा तोललं तर काट्याची कुरकुर कळते, पाकिटापाकिटातला फरक कळत नाही. खरी पाकिटं वीस, मी सॉफ्टवेअरला साठ सांगितली. तीस वेळा तोललं असतं तर एफ चारशेच्या पुढे गेला असता, आणि तरी चकलीबद्दल नवीन काहीच कळलं नसतं.

१९ ऑगस्ट

तिन्ही वजनांची सरासरी काढून वीस आकडे घातले. एफ १३.५९, अंश ३ आणि १६. पाच टक्क्यांची मर्यादा ३.२४, म्हणजे फरक आहे यात शंका नाही. चारही गटांचं प्रमाण विचलन ०.३१ ते ०.३६ च्या दरम्यान, म्हणजे विखुरण सारखंच. एखाद्या गटाचं विखुरण दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट असेल तर साधा अनोव्हा आणि टुकी वापरू नका. तिथे वेल्चचा अनोव्हा आणि १९७६ ची गेम्स-हॉवेल पद्धत आहे.

पण एफ एवढंच सांगतो की चारही सरासऱ्या सारख्या नाहीत. कोण कोणापेक्षा वेगळं, याबद्दल तो तोंड उघडत नाही. मामीला नेमकं तेच हवंय.

मग मी जे बहुतेक जण करतात तेच केलं: सहा जोड्या, सहा टी-चाचण्या, प्रत्येकीत फक्त त्या दोन गटांचे दहा आकडे. चार जोड्या ‘सिग्निफिकंट’ निघाल्या, म्हणजे फरक नुसत्या नशिबाचा नाही असं म्हणण्याजोग्या. त्यात डबा विरुद्ध चंदेरी अगदी काठावर, पी (फरक नसतानाही नशिबाने एवढं अंतर पडण्याची शक्यता) ०.०४६.

याच जोडीने पुढचे दहा दिवस खाल्ले. एका चाचणीत पाच टक्के खोट्या इशाऱ्याची तयारी असते. सहा चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असत्या तर निदान एक खोटा इशारा मिळण्याची शक्यता साडेसव्वीस टक्के झाली असती. इथे त्या तशा स्वतंत्र नाहीत, एकच गट तीन जोड्यांत येतो, म्हणून नेमका आकडा वेगळा असेल. पण पाच टक्के खासच नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

जेवायला आतेभाऊ आला होता. दादा शेतकीचा एम.एस्सी. आकडे बघून लगेच म्हणाला, "अगं, एवढा काय विचार करून राहिलीस? सी.डी. काढ आणि मोकळी हो."

सी.डी. म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. शेतकीच्या प्रबंधात प्रत्येक तक्त्याखाली ही ओळ असतेच. हिशोब सोपा: एरर एमएस (चारही गटांच्या आतल्या विखुरणीचा वर्गातला आकडा) ०.११३७५, त्याची दुप्पट भागिले ५, वर्गमूळ ०.२१३, १६ अंशांचा टी २.१२, गुणाकार ०.४५. दोन सरासऱ्यांमधलं अंतर ०.४५ पेक्षा जास्त की फरक खरा. माझ्या सहा चाचण्यांपेक्षा हे बरं होतं, कारण एरर चारही गटांमधून येते, दहाच आकड्यांमधून नाही.

दादाचं म्हणणं, यात इंदूरचीही पुण्याई आहे. शेतकीत शिकणारे ज्याला नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हणतात, त्या १९५४ च्या पुस्तकातले वि. गो. पानसे इथेच, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम करत. ‘इंदूर कंपोस्ट’वाल्या आल्बर्ट हॉवर्डनी १९२४ मध्ये काढलेली ती संस्था. "आपल्या गावची पद्धत सोडून तू अमेरिकेच्या टुकीची घेणार?" दादा हसत म्हणाला. सी.डी. मुळात फिशरची, म्हणजे इंग्लंडची, हे मी त्याला आमरस वाढता वाढता सांगितलं. (ऑगस्टात आमरस डब्यातलाच.)

सी.डी.ने निकाल: साधी आणि झिप ०.४०, वेगळी नाहीत. झिप आणि डबा ०.४०, वेगळे नाहीत. डबा आणि चंदेरी ०.५०, वेगळे. बाकीच्या तिन्ही जोड्या वेगळ्या.

"पण एफ आधी सिग्निफिकंट आलाय ना? मग सी.डी.ला खोट्या इशाऱ्यापासून संरक्षण आहे," दादा म्हणाला. वाचून पाहिलं. तीन गट असतील तर त्याचं म्हणणं खरं आहे, तिथे हे संरक्षण पुरतं. चार गटांपासून ते गळायला लागतं. समजा एकच पाकीट खरोखर फार वेगळं आहे आणि बाकीची तीन सारखी. त्या एकाच्या जोरावर एफ सिग्निफिकंट येणारच. मग उरलेल्या तिघांमधल्या तीन जोड्यांना काहीच राखण राहत नाही.

२६ ऑगस्ट

टुकी. १९५३ ची पद्धत. सगळ्या जोड्या एका दमात तपासायच्या आणि पूर्ण घोळक्यासाठी मिळून पाच टक्केच चूक मान्य करायची, यासाठीच ती आहे. विचार मला पटला: चार सारख्याच गटांतही सर्वांत मोठी सरासरी आणि सर्वांत लहान सरासरी यांत नुसत्या नशिबाने बरंच अंतर पडतं. म्हणून प्रत्येक जोडीला त्या अंतराशी झगडायला लावायचं.

चार गट, १६ अंश, तक्त्यातला क्यू ४.०५. गुणिले ०.११३७५ भागिले ५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.१५१. उत्तर ०.६१. इथे दोनाने गुणायचं नाही. मी आधी सी.डी.च्या सवयीने गुणलं, ०.८६ आलं आणि साधी विरुद्ध डबा ही जोडीही गळाली. अर्धा तास वाटत राहिलं की प्रयोगातून काहीच निघालं नाही.

०.६१ ने तीन जोड्या वेगळ्या: साधी-डबा (०.८०), झिप-चंदेरी (०.९०), साधी-चंदेरी (१.३०). डबा-चंदेरी ०.५०, नाही. बॉनफेरोनी (पाच टक्के सहा जोड्यांत वाटून टाकणारी पद्धत) लावून पाहिलं तर मर्यादा ०.६४, निकाल तोच. थोडक्यात, सगळ्याच जोड्या हव्या असतील तर टुकीची मर्यादा जरा कमी कडक.

अक्षरांचा तक्ता (ज्या जोडीत फरक सिद्ध झाला नाही तिला सामाईक अक्षर): साधी ए, झिप एबी, डबा बीसी, चंदेरी सी. मामीने तो पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे झिप आणि साधी एकच, झिप आणि डबा एकच. मग साधी आणि डबाही एकच की!" तिचा तर्क चुकला असं म्हणायला माझी जीभ वळेना, कारण तक्ता खरंच तसा वाचला जातो. सामाईक अक्षराचा अर्थ ‘सारखे’ असा नाही. ‘वेगळे आहेत म्हणायला पुरावा कमी पडला’ एवढाच. झिप आणि साधीतला फरक ०.४०, पण टुकीचा पल्ला उणे ०.२१ ते १.०१. झिप एक ग्रॅमने चांगली असू शकते, किंचित वाईटही असू शकते. पाच पाकिटांत यापेक्षा जास्त कळत नाही. त्यानंतर मामीला अक्षरं दाखवणं बंद केलं, पल्ले दाखवते.

३० ऑगस्ट

झिपच्या पाच आकड्यांतला तो २.८ डोळ्यांत खुपत होता. ते पाकीट काढून पाहिलं तर झिपच्या एका कोपऱ्यात चकलीचा चुरा अडकला होता, दोन दात मिटलेच नव्हते. काढून टाकावं का? गंमत म्हणून हिशोब केला. झिपची सरासरी २.१८ झाली, साधीशी अंतर ०.५३, आणि सी.डी. ०.४५! म्हणजे एक पाकीट गाळलं की झिप साधीपेक्षा ‘सिद्ध’ चांगली. टुकीने तरी नाही. गट असमान झाल्यावर क्रेमरच्या दुरुस्तीने मर्यादा ०.६१ च राहते.

पाकीट ठेवलं. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या झिपमध्येही चुरा अडकणारच आहे. आणि निकाल बघितल्यावर पाकीट गाळायला कारण शोधत बसणं मला स्वतःलाच बरं दिसेना.

३१ ऑगस्ट, रविवार

आकडे बाजूला ठेवून आज पाकिटंच बघत बसले. चंदेरी पाकिटात १.४ ग्रॅम ओल शिरलीच कशी? मोबाईलची बॅटरी आतून लावली तर पाकिटातून निळसर उजेड दिसला. म्हणजे अख्खं अ‍ॅल्युमिनियम नव्हे, प्लॅस्टिकवर चढवलेला पातळ मुलामा. दुकानदार ‘फॉइल’ म्हणाला होता.

मग फुगवलेलं पाकीट बादलीत बुडवलं. पाचांतल्या तिघांच्या सीलमधून बुडबुड्यांची माळ आली, दर वेळी डाव्या टोकाला, जिथे मामी सीलर दाबताना हात बदलते आणि कागदाला सुरकुती पडते. सुरकुतीत दोन थर चिकटतच नाहीत. नखाने उचलून पाहिलं, तांदळाच्या दाण्याएवढी वाट होती. पाच पाकिटांत १.० पासून १.७ पर्यंत जी पसरण होती, तिचं मूळ बहुधा हेच.

हे मी २६ जुलैला केलं असतं तर एरर कमी झाली असती, आणि डबा-चंदेरीची कटकट कदाचित उरलीच नसती.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

रात्री झांक्या बघायला जाण्याआधी मामीबरोबर बसले आणि शेवटी विचारलं, "मामी, तुला नक्की काय ठरवायचंय?"

"अगं, साधी सोडून दुसरं घेतलं तर पैसे वसूल होतात का, एवढंच. बाकी पाकिटांचं आपापसात काय का असेना."

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. सहा जोड्या कुणी मागितल्याच नव्हत्या! साधीशी तिघांची तुलना, तीनच जोड्या. त्यासाठी डनेटची १९५५ ची पद्धत आहे: एक ठरलेला गट, बाकी सगळे त्याच्याशी. तीन तुलना, १६ अंश, तक्त्यात २.५९, गुणिले ०.२१३, म्हणजे ०.५५. टुकीच्या ०.६१ पेक्षा कमी, कारण नको असलेल्या जोड्यांचा दंड भरावा लागत नाही.

झिप ०.४०, नाही. डबा ०.८०, हो, पल्ला ०.२५ ते १.३५. चंदेरी १.३०, हो, पल्ला ०.७५ ते १.८५.

निघता निघता मामी म्हणाली, "पण बघ ना, दोन्ही पिशव्या एकीकडे आणि डबा-चंदेरी एकीकडे, असंच दिसतंय." आकडे बघून सुचलेली तुलना, म्हणून तिला डनेट नाही की टुकी नाही, त्यासाठी शेफेची कडक मोजपट्टी. २.५० वजा १.६५, अंतर ०.८५, मर्यादा ०.४७. तेही टिकलं. मामीचा डोळा बरा आहे, पण यावरून खरेदी काही ठरत नाही.

१४ सप्टेंबर

डबा की चंदेरी यावर दादाशी फोनवर जो वाद चालला होता, तो आज बाजारभावाने मिटला. चंदेरी साडेसहाला, डबा चौदाला. चंदेरीची सरासरी कमी, आणि ती डब्यापेक्षा वाईट असलीच तर टुकीच्या पल्ल्याने फार तर ०.११ ग्रॅमने. दुप्पट पैसे कशाला? सी.डी. घेतली काय, टुकी घेतला काय, खरेदी तीच. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग माझी सी.डी. काय वाईट होती?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तीनशे चंदेरी पाकिटं आणली. सीलर बदलला, लांब पट्टीचा, साडेअठराशेला, म्हणजे आता हात बदलावा लागत नाही. दहा पाकिटं बादलीत बुडवली, एकाला बुडबुडे. ते पुन्हा सील केलं.

उरलेल्या झिपच्या पिशव्यांत मामीने शेंगदाण्याचं कूट भरून ठेवलंय.